तांब्याची छटा घासू नये
बंदरांच्या शहरांचा दर्यावर्दी इतिहास सांगणारी स्मृतिपदके घासूनपुसून लखलखीत ठेवावीत, हा एका लेखातील सल्ला मला मुळीच पटला नाही. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेली तपकिरी छटा धातूचे रक्षण करते आणि पॉलिशने ती गेली, की पदकावर कोरलेले, शिडांच्या दोरांसारखे बारीक उंचवटेही कायमचे बोथट होतात. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची एकेकाळची ध्वजनौका ‘फूड्रॉयंट’ १८९७ साली इंग्लंडमधील ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटली, तेव्हा तिच्या तांब्यातून स्मृतिपदके पाडण्यात आली. त्यांतले एखादे हाती आले, तर प्रत्यक्ष जहाजाचाच तुकडा तळहातावर असतो. तो घासायला हात कसा धजावेल? पदक कडेने धरावे, पीव्हीसी या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये आणि ते कुठून मिळाले, याची चिठ्ठी सोबत जपावी.