‘शाळेतली नर्स म्हणजे सुखाची नोकरी’: कुठलं सुख?

‘शाळेत नर्सला काम ते काय! गुडघा फुटला की लाल औषध, पोट दुखलं की गोळी, बाकी दिवसभर खुर्ची.’ असा मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतोय.

मुळात खुर्चीच नाही. कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातली सिस्टर. सोबत दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. वाडीवरची पंधरा पोरांची शाळा असली, तरी घाटी चढावीच लागते.

‘तपासणी म्हणजे वजन-उंची.’ नुसते डोळे घ्या. तक्ता ६ मीटरवर, उजेड तक्त्यावर. डोळा तळव्याने झाकायचा. बोटांच्या फटीतून दिसतं आणि दाबला तर त्याच डोळ्याला नंतर धूसर दिसतं. रांग दाराबाहेरच हवी, नाहीतर मागची पोरं ओळ पाठ करतात आणि चष्मा लागणारं मूल धडाधड बरोबर सांगतं.

‘गोळी काय, कोणीही देईल.’ सहावीपासून पुढे आठवड्याला एक निळी गोळी: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ती खिचडीनंतरच. उपाशीपोटी एकाला उलटी झाली की पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग तोंड मिटून बसतो. शी काळी होईल हे घरी आधीच कळवायचं, नाहीतर आई गोळी बंद करते.

‘मोठं काही झालं तर दवाखाना आहेच.’ आहे, पण लांब. आणि सिस्टर रोज शाळेत नसते, म्हणून ती गुरुजींना शिकवून ठेवते. फुरसं, म्हणजे कोकणातला विषारी साप, चावला तर दोरी नाही, ब्लेड नाही. सूज चढण्याआधी पैंजण काढा, पायाला फळी बांधा, पोराला चालवू नका, चावल्याची वेळ लिहा. विंचवाचं वेगळं. दुखणं थोडं, पण घाम, उलट्या आणि हातपाय गार, असं मूल आधी दवाखान्यात हलवायचं. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवला. तो जितका लवकर तितका बरा.

आता सुखाचं. नोकरी कंत्राटी, हे आहेच. त्याहून जास्त टोचते ती रेफरची चिठ्ठी. तपासताना एखाद्या मुलाच्या हृदयात जादा आवाज ऐकू येतो, डॉक्टर जिल्हा रुग्णालयासाठी लिहून देतात; घरी हिशोब होतो एसटीचं भाडं अधिक बुडालेली मजुरी. ‘खेळतोय की चांगला!’ पुढच्या वर्षी त्याच दप्तरात तीच चिठ्ठी, तशीच घडी घातलेली. कधी रजिस्टरात त्या नावापुढे ‘शस्त्रक्रिया झाली’ असं लिहायला मिळतं. समाधान असलंच, तर त्या एका रकान्यात.