दुखणं डोक्यात असतंय म्हणे!

डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूला कळ उठली म्हणून मी पळता पळता थांबलो. एवढाच माझा गुन्हा. सोलापुरात कंबर तलावाकाठी, मे महिन्यात, सकाळी सातला, म्हणजे ऊन आधीच मानगुटीवर.

"का ओ, थांबलाव?"

बाकावर एक काका. मांडीवरच्या कागदात भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा गरम सुशीला.

"गुडघा दुखायलाय."

"दुखणं डोक्यात असतंय." एक घास. "मन घट्ट करायचं. पळा!"

"अहो, डोक्यात नाही, गुडघ्यात आहे."

"तेच की! मन म्हणतंय गुडघा, तुम्ही ऐकायलाव. ऐकायचंच नाही!"

हे बोलताना काका सुशील्यातली एकेक हिरवी मिरची चिमटीत धरून कागदाच्या कडेला ओळीनं मांडत होते.

"मिरची खात नाही?"

"सोसत नाही ओ. पोट ऐकत नाही."

"आणि पळणं?"

"छे! डॉक्टर नको म्हणलाय."

म्हणजे यांच्या पोटाला मत आहे, माझ्या गुडघ्यानं मात्र गप्प बसायचं! नवा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना आई आठवते. ते सोसावं, दोन-चार दिवसांत उतरतं. सांध्यात अचानक टोचणारी कळ निराळी. तिच्यावर पळलं की पुढचे महिने घरात बसून काढावे लागतात. एवढं साधं आहे, पण जिद्दीची भाषणं नेहमी दुसऱ्याच्या सांध्यांवर चालतात. व्हॉट्सॲपवर रोज पहाटे 'थांबला तो संपला' पाठवणारे आमचे साडू स्वतः नवाला उठतात.

आणि हे सोलापुरात ऐकायचं! संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. नंदीध्वजाची ती अवजड काठी पेलायचा सराव आधीपासून चालतो, आणि पेलणारा दमला की दुसरा पुढे होऊन काठी घेतो. त्याला कुणी मन घट्ट कर म्हणत नाही, नामर्दही म्हणत नाही.

मी लंगडत गाडीकडे निघालो. तोवर काकांनी शेजारच्या बाकाला बातमी दिली होती, "बघा, एवढ्यात सोडले!" शेजारचा बाक हसला. त्यांच्यापैकी कुणाच्या पायात बूटसुद्धा नव्हते.

"ओ, घरी जाऊन गरम पाण्यानं शेका बरं का!" काका ओरडले.

काय शेकू, डोकं?