‘2 टक्केच टॅक्स भरतात’ म्हणणाऱ्यांनी वॉचमनचं पगारपत्रक बघावं

‘फक्त 2 टक्के लोक टॅक्स भरतात, बाकीचे 98 टक्के त्यांच्या जिवावर फुकट खातात. शेतकऱ्याला टॅक्स नाही. टॅक्स न भरणाऱ्यांना मतदानाचा हक्क कशाला?’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. या वेळी मेव्हण्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि भाच्याने खाली जाऊन सोसायटीच्या वॉचमनकाकांना वाचून दाखवला. म्हणून हा खटाटोप.

आयकर भरणारे थोडे आहेत, हे खरं. पण टॅक्स म्हणजे फक्त आयकर, हे कुणी ठरवलं? काकांचा पगार 14 हजार. त्यातून दरमहा व्यवसाय कराचे 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. महिना दोन लाख कमावणाऱ्या मॅनेजरलाही तेवढेच, कारण महाराष्ट्रात या कराची कमाल मर्यादाच 2,500 आहे. म्हणजे काकांच्या पगारातला जवळपास दीड टक्का गेला, साहेबांचा 0.1 टक्का. फुकट कोण खातंय?

वर 299 च्या रिचार्जमध्ये 45 रुपये जीएसटी. तो कापताना कुणी पगार विचारत नाही. सुट्या धान्याला, भाजीला जीएसटी नाही आणि सप्टेंबर 2025 पासून साबण-टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आली, हे मान्य. पण ज्याचा सगळा पगार खर्चातच जातो, त्याला खर्चावरचा कर जास्त चावणारच.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातला ‘रुपया असा येतो’ हा तक्ता उघडा. आयकराचे 22 पैसे. कंपनी कर 17, जीएसटी 18, उत्पादन शुल्क 5, सीमाशुल्क 4. कर्जाचे तर 24, आयकरापेक्षा जास्त! आणि यात राज्याचा जीएसटी, पेट्रोलवरचा व्हॅट धरलेलाच नाही.

शेतकरी? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि बडे बागायतदार त्याचा फायदा उठवतात, ठीक. पण कीटकनाशकावर 18 टक्के जीएसटी दोन एकरवालाही भरतो.

राहिला मताचा हक्क. मतासाठी मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटी इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात होत्या. घटनेच्या कलम 326 ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. तरी हौस असेल तर आणा परत. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत आयकर शून्य झालाय, मेव्हण्याचा पगार 11 लाख आहे. पहिलं मत त्याचंच जाईल.