वेल्बीबाईंनी पुस्तकं 'खराब' केली म्हणे

चार दिवसांत तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला म्हणून शेवटी लिहायला बसलोय. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं की लंडन युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत व्हिक्टोरिया, लेडी वेल्बी नावाच्या बाईंची पुस्तकं जपून ठेवलीयत, या बाई राणी व्हिक्टोरियाच्या दासी होत्या, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, नवऱ्याच्या पैशावर शोभेला पुस्तकं जमवली, त्यात रेघोट्या मारून ती खराब केली आणि भाषेबद्दल जे काय लिहिलं ते चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाकडून उचललं. वर शेवटी ठळक अक्षरात, सगळी पुस्तकं नेटवर फुकट असताना अशी लायब्ररी सांभाळण्यात काय अर्थ?

शाळेचं आधी उरकून टाकतो, कारण ते खरं आहे. रीतसर शिक्षण नव्हतंच. १८३७ चा जन्म, आई लेडी एमेलिन स्टुअर्ट-वर्टली लेखिका आणि जबरदस्त प्रवासी, ती पोरीला घेऊन १८४९ मध्ये अमेरिकेला गेली, त्या प्रवासाची पोरीने लिहिलेली डायरी १८५२ मध्ये पुस्तक म्हणून छापून आली, म्हणजे आपल्याकडे दहावीत असतो त्या वयात. १८५५ मध्ये अँटिऑकहून बैरूतकडे जाताना आई वाटेतच वारली आणि ही अठरा वर्षांची मुलगी परक्या मुलखात एकटी उरली. आता यातून कुणी 'अडाणी' असा निष्कर्ष काढत असेल तर काढो बापडा. उलट शाळा नव्हती म्हणूनच तर पुस्तकं महत्त्वाची, कारण बाई जे शिकल्या ते याच कपाटांतून आणि पत्रांतून शिकल्या.

पैशाचंही मान्य. १८६३ मध्ये सर विल्यम वेल्बींशी लग्न झालं, लिंकनशायरमध्ये डेंटन मॅनर नावाची मोठी गढी, नोकरचाकर, सगळं होतं. पण पैसेवाल्यांची पुस्तकं कशी असतात माहितीये ना, चामड्याची बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि आतली पानं कोरी करकरीत. वेल्बीबाईंची तशी नाहीत, आणि नेमकी हीच फॉरवर्डवाल्याची तक्रार आहे! शोभेची पण आणि वापरून खराब केलेली पण, दोन्ही एकदम कसं काय जमणार?

आता रेघोट्या. इथे जरा थांबतो, कारण खरा मुद्दा हाच आहे. बाईंचं काम काय होतं तर लोक शब्द वापरताना कुठे घसरतात ते पकडणं. मोठमोठे लोकसुद्धा एकच शब्द एका पानावर एका अर्थाने आणि पुढच्या पानावर दुसऱ्याच अर्थाने वापरतात, आणि मग त्यावरून वर्षानुवर्षं वाद घालत बसतात. (आपल्याकडे 'समास' घ्या, व्याकरणातला की वहीच्या कडेला सोडलेला? सुदैवाने यावर अजून भांडणं नाहीत.) ही घसरण पकडायची तर हातात पेन्सिल घेऊन दुसऱ्याचं पुस्तक वाचण्याशिवाय मार्ग काय? आणि हे नुसतं वाचण्यापुरतं राहिलं नाही. १८९१ मध्ये त्यांनी ग्रँथममध्ये, म्हणजे घराजवळच्याच गावात, एक पुस्तिका छापून घेतली, 'विटनेसेस टू अँबिग्युइटी', त्यात इतर लेखकांचे असे संदिग्ध उतारे जमवलेले. १८९३ मध्ये पुन्हा तसंच, 'माइंड' आणि 'नेचर'सारख्या नियतकालिकांतून वेचलेले उतारे. हे उतारे काही आभाळातून पडले नव्हते, वाचताना खुणा केल्या, त्या खुणांमधून वेचे निघाले, वेच्यांमधून लेख. १८९६ मध्ये 'माइंड'मध्ये त्यांचा 'सेन्स, मीनिंग अँड इंटरप्रिटेशन' आला तो याच वाटेने. सुताराच्या रंध्याला आपण 'काय हो, लाकूड खराब केलंत' म्हणतो का?

बरं, पर्सकडून उचललं म्हणता, तर तारखा बघा ना राव. पत्रव्यवहार सुरू झाला १९०३ मध्ये, आणि तोही कधी, तर बाईंचं 'व्हॉट इज मीनिंग?' छापून आल्यावर, ते पर्सच्या हातात पडल्यावर. म्हणजे पुस्तक आधी, पत्रं नंतर. पर्सने 'द नेशन' या अमेरिकन साप्ताहिकात परीक्षण लिहिलं, त्यात हे पुस्तक आणि बर्ट्रंड रसेलचं गणिताच्या तत्त्वांवरचं पुस्तक दोन्ही एकत्र घेतली आणि दोन्ही तर्कशास्त्रातली महत्त्वाची म्हणून सांगितली, आणि गंमत म्हणजे रसेलला थोडक्यात उरकून बहुतेक जागा वेल्बींना दिली. हां, 'बायकी पुस्तक' असा शेराही मारलाय त्याने, जमाना तो होता. पुढे १९०९ च्या पत्रात पर्स अर्थाच्या स्वतःच्या तीन पायऱ्या बाईंच्या तीन पायऱ्यांशेजारी (त्या पुढे सांगतो) ठेवून ताडून बघतो. उचलेगिरी अशी दिसते होय? उलट पर्सने चिन्हांबद्दल जे सगळ्यात मोकळेपणाने लिहिलंय त्यातलं बरंचसं याच बाईंना लिहिलेल्या पत्रांत आहे, आणि ऑग्डन आणि रिचर्ड्स या दोघांच्या अर्थावरच्या १९२३ च्या 'द मीनिंग ऑफ मीनिंग' या पुस्तकात पर्सवर जे परिशिष्ट आहे त्यातही हीच पत्रं वापरलीयत.

त्या तीन पायऱ्या म्हणजे सेन्स, मीनिंग, सिग्निफिकन्स. मराठीत गोची अशी की तिन्हीला आपण 'अर्थ'च म्हणतो. 'या शब्दाचा अर्थ काय', 'तुझ्या बोलण्याचा अर्थ काय', आणि 'या सगळ्याला काय अर्थ आहे'. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात बोलणाऱ्याचा हेतू, तिसऱ्यात त्या गोष्टीची किंमत. बाईंनी या अभ्यासाला 'सिग्निफिक्स' नाव दिलं आणि १९११ च्या ब्रिटानिका विश्वकोशात त्यावरची नोंद त्यांनीच लिहिली, हौशी म्हणून सोडून देण्याइतकं हे किरकोळ वाटत असेल तर वाटो. चाहत्यांनाही एक सांगतो, 'अर्थाचा विचार करणारी जगातली पहिली व्यक्ती' वगैरे लिहू नका, फ्रान्समध्ये मिशेल ब्रेआल हा भाषाशास्त्रज्ञ तेव्हाच शब्दांच्या अर्थावर काम करत होता, बाईंचा त्याच्याशी पत्रव्यवहार होता आणि त्याचं पुस्तक १९०० मध्ये इंग्रजीत आणलं ते बाईंच्या मुलीनेच.

राहिलं 'नेटवर फुकट आहे'. नेटवर जे आहे ते त्याच पुस्तकाची दुसऱ्या कुणाची तरी प्रत स्कॅन केलेली. मजकूर तोच, पण वेल्बींची पेन्सिल त्यात कुठून येणार? मी स्वतः अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणतो, आधीच्या मालकाच्या खुणा बघूनच कळतं की तो कुठपर्यंत वाचत आला आणि कुठे कंटाळला. त्यात बाईंची कागदपत्रं आणि पुस्तकं एका जागी नाहीत, चारशेच्या वर लोकांशी झालेला पत्रव्यवहार टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीत आणि पुस्तकं लंडनला. पत्रात एखाद्या लेखकाशी वाद घातलेला सापडला तर त्याच्या पुस्तकात नेमकं कुठे बोट ठेवलं होतं ते बघायला समुद्र ओलांडावा लागतो. एका टोकाची पुस्तकं विकून टाकली तर दुसऱ्या टोकाची पत्रं अर्धीमुर्धी कळणार.

आणि हो, 'दासी'. १८६१ पासून लग्नापर्यंत त्या दरबारात 'मेड ऑफ ऑनर' होत्या. हे उमराव घराण्यांतल्या अविवाहित मुलींना मिळणारं मानाचं पद, त्यात या तर राणीच्या धर्मकन्या, म्हणजे गॉडडॉटर. 'मेड' दिसलं की 'दासी' लिहून मोकळं व्हायचं, हा नमुना १८९१ च्या त्या पुस्तिकेत घ्यायला बाईंना फार आवडलं असतं.