देणगीवर दवाखाना उभा राहतो, चालतो कशावर?

सध्या आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं: सरकारी दवाखान्यांवरचा पैसा पाण्यात जातो. ट्रस्टचे दवाखाने दानावर उत्तम चालतात. एकेका उद्योजकानं एकेक मशीन दिलं आणि गावोगावच्या सप्त्यांची निम्मी वर्गणी दवाखान्याकडे वळवली, तर सरकारची गरजच उरणार नाही. आफ्रिकेत बिल गेट्सनं हेच करून दाखवलं. पुरावा म्हणून नांदेडच्या सरकारी रुग्णालयाची २०२३ ची बातमी जोडलेली. मोंढ्यातल्या आडत्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय. मी एका ट्रस्टच्या दवाखान्याचे हिशेब बघतो, त्यामुळे गप्प बसवेना.

ट्रस्टचे दवाखाने दानावर चालतात म्हणे. उभे राहतात दानावर, हे खरं. लातूरचं विवेकानंद रुग्णालय १९६६ चं, संभाजीनगरचं डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ चं. दोन्हींच्या मागे समाजाचा पैसा आहे आणि ध्येयानं काम करणारे डॉक्टर आहेत. पण दोन्हीकडे बिलाचं काउंटरही आहे. दर बाहेरच्यापेक्षा कमी, तरी बिल ते बिलच. मोतीबिंदूच्या 'मोफत' शिबिराचंही तेच. गाडी, जेवण, काळा चष्मा दात्याकडून. आणि ऑपरेशनमागे संस्थेला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी अनुदान. बॅनरवर ते नाव कोणी छापत नाही. तसा मोतीबिंदू दात्यांचा लाडका आजार आहे. एकदा ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, फोटो, पेशंट घरी. शुगरच्या पेशंटला जन्मभर रोज गोळी लागते, तिचा फोटो कोण काढणार?

आता मशीन. डायलिसिसचं मशीन दान देणारे खरंच भेटतात, आणि मनापासून देतात. पुढचं ऐका. त्या मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर पाणी, तेही आरओचं. ते गाळताना वाया जाणारं पाणी वेगळं. एका पेशंटला हे आठवड्यातून दोन-तीन वेळा, कायमचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या गावात हे गणित मांडून बघा. शिवाय टेक्निशियन, डायलायझर (रक्त गाळणारं फिल्टर), ट्यूबिंग, हेपारिन (रक्त गोठू नये म्हणूनचं औषध), लाइट गेली की जनरेटरचं डिझेल. वॉरंटी संपली की एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. मशीनवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी लागते. टँकरवर आणि टेक्निशियनच्या पगारावर कोणाचं नाव लावायचं?

आमच्या स्टोअरमध्ये रक्ततपासणीचा एक दान आलेला अ‍ॅनालायझर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. मशीन चांगलं आहे. पण त्याला रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, त्याच कंपनीचे लागतात, आणि आमच्याकडे दिवसाला येणाऱ्या तपासण्यांत तो खर्च निघत नाही. विकावं तर दात्याला वाईट वाटेल, म्हणून दर ऑडिटला तो यादीत येतो आणि पुन्हा कोपऱ्यात जातो.

सप्त्याच्या वर्गणीचा मुद्दा मला मेसेजमधला सगळ्यात भाबडा वाटला. आमच्याकडे पावतीवरचा आकडा सोयाबीन मोंढ्यात गेल्यावर ठरतो. पीक चांगलं तर पंगतीला बुंदी, नाहीतर साधा भात-वरण. १९७२ राहू द्या, २०१२-१३ आणि २०१५-१६ तर सगळ्यांनीच पाहिलंय. पीक जळालेल्या साली वर्गणी आटते, आणि त्याच साली टँकरच्या पाण्यानं गॅस्ट्रो वाढतो, बीपीच्या गोळ्या 'पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणून थांबतात, खाजगीत दाखवणारा सरकारीच्या रांगेत येतो. म्हणजे देणारा आणि घेणारा एकाच दुष्काळात. सरकारी तिजोरीत मुंबई-पुण्याचा करही असतो, म्हणून आमचं पीक गेलं तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा पगार निघतो. उशिरा निघतो, ते वेगळं. कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे समाजकार्यासाठीच्या सक्तीच्या निधीकडे, बोट दाखवाल, तर २०१३ चा कंपनी कायदाच सांगतो की कंपनीनं आपल्या भागाला प्राधान्य द्यावं. हिंगोलीत मोठ्या कंपन्या किती, मोजा.

देशाचाच हिशेब हवा असेल तर २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो आहे. आरोग्यावरच्या एकूण खर्चात सरकारचा वाटा ४८ टक्के, लोकांच्या खिशातून थेट ३९.४ टक्के. उरलेल्या साडेबारा टक्क्यांत खाजगी विमा, कंपन्या, स्वयंसेवी संस्था, परदेशी मदत, सगळे दाटीवाटीनं बसलेत. या कोपऱ्यातल्या दानानं बाकीचं सगळं उचलावं, असं मेसेज म्हणतो.

नांदेडबद्दलचा राग मात्र रास्त आहे. चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात. औषधांचा तुटवडा आणि रिकामी पदं यांवर उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, ती घ्यायलाच हवी होती. पण ती बाळं आली कुठून? अनेक पेशंट इतर दवाखान्यांतून शेवटच्या टप्प्यात पाठवलेले होते, असं प्रशासनानं सांगितलं; आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयू) क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बाळं होती. ते प्रशासनाचं स्वतःला वाचवणं म्हणा हवं तर. तरी आमच्या काउंटरवरून मला हे माहीत आहे: डिपॉझिट संपलं की नातेवाइकांना 'घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) न्या' किंवा 'नांदेडला न्या' असंच सांगितलं जातं. आम्ही 'बेड नाही' म्हणू शकतो. घाटीला ते म्हणता येत नाही, एका बेडवर दोघं झोपवावे लागतात. ते दार बंद केल्यावर पेशंट कुठे न्यायचा, यावर मेसेज गप्प.

गेट्सचं थोडक्यात. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारनं परदेशी मदत थांबवली, तेव्हा सरकारांची जागा कोणतीही फाउंडेशन भरून काढू शकत नाही, हे खुद्द गेट्स फाउंडेशननंच सांगितलं. पोलिओसाठी रोटरीनं १९८५ पासून पैसा आणि माणसं दिली, त्याला तोड नाही. पण इथे पोलिओच्या रविवारी थेंब पाजायला बूथवर अंगणवाडी ताई आणि आशा ताईच बसायच्या.

राहता राहिलं 'ट्रस्टवाले मनानंच गरिबांना फुकट बघतात, कायदा कशाला?' हे मेसेजमधलं वाक्य. मनानं बघणारे आहेत. तरीही सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ४१ एए घालावं लागलं, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून योजना लागू करावी लागली: धर्मादाय रुग्णालयात १० टक्के बेड निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणाचा पेशंट अशा दवाखान्यात असेल, तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. बिल भरून झाल्यावर सवलत मिळवणं फार अवघड जातं.