सीएसव्ही काढून भरली म्हणजे डेटाबेस हलला, असं नाही

डेव्हलपरांच्या ग्रुपवर एक दावा सतत फॉरवर्ड होतो. डेटाबेस हलवायला ओपन सोर्स टूल लिहीत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल) काढा आणि नव्या डेटाबेसमध्ये भरा, नाहीतर डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली नक्कल) आहेच. अगदीच अडलं तर एक स्क्रिप्ट लिहा. रेकॉर्डची संख्या जुळली की काम संपलं. मी असंच एक टूल लिहितो आहे आणि यातला एकही मुद्दा मला पूर्ण पटत नाही.

आधी सीएसव्ही. त्या फाइलमध्ये कॉलमचा प्रकार लिहिलेला नसतो. दोन स्वल्पविरामांमधली मोकळी जागा म्हणजे नल (माहितीच नाही) की रिकामी स्ट्रिंग (मजकूर आहे, पण कोरा), हे काढणाऱ्याने आणि भरणाऱ्याने आधी ठरवलं असेल तरच कळतं. डेटाबेसांपैकी पोस्टग्रेस या दोन्हींत फरक करतं, ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगलाच नल धरतं. म्हणजे 'ईमेल नाही' आणि 'ईमेल विचारलाच नाही' हे एकच होऊन बसतं. त्यात कुणी 'जरा बघतो' म्हणत ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तर गट नंबर १२/१ ची १२ जानेवारी होते, आकड्यांच्या सुरुवातीची शून्यं गळतात आणि पंधराव्या अंकापुढचे सगळे अंक शून्य होतात. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून आलेल्या कोरोना चाचण्यांच्या सीएसव्ही जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये भरल्या जात होत्या. त्या फाइलची मर्यादा ६५,५३६ ओळींची. १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला.

आता डम्प. मायएसक्यूएल या डेटाबेसचं डम्प काढायचं टूल, मायएसक्यूएलडम्प, ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) आपणहून घेतं, पण स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारं काम) वेगळा पर्याय दिल्याशिवाय घेत नाही. पोस्टग्रेसचं पीजी-डम्प रोल, म्हणजे डेटाबेसचे वापरकर्ते, घेत नाही. हे कागदोपत्री स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी नवा सर्व्हर चालू झाल्यावर रात्रीचा हिशेब का चालला नाही, याचा शोध सुरू होतो. शिवाय डम्प मुळात त्याच जातीच्या डेटाबेससाठी असतो. मायएसक्यूएलमध्ये साठलेल्या शून्य तारखा (००००-००-००) पोस्टग्रेस घेतच नाही. अनसाइन्ड बिगइंट या ऋण आकडे न घेणाऱ्या प्रकारातला मोठा आकडा पोस्टग्रेसच्या बिगइंटमध्ये मावत नाही.

मराठी डेटाचा एक सापळा वेगळा सांगायला हवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८' ची मर्यादाही तीनच बाइटची, त्यामुळे मराठी मजकूर नीट बसतो आणि चाचणी पास होते. मग खऱ्या डेटात कुणाच्या तरी अभिप्रायात एक इमोजी येतो. त्याला चार बाइट लागतात. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) चालू असेल तर एरर येते. बंद असेल तर इमोजीपासून पुढचं वाक्य कापलं जाऊ शकतं आणि फक्त एक वॉर्निंग उरते.

स्क्रिप्टबद्दल फार वाद नाही. दोन टेबलं एकदाच हलवायची असतील तर खुशाल लिहा. पण शून्य तारखेचं काय करायचं, हा निर्णय त्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी घाईत घेतलेला असतो आणि काम झाल्यावर स्क्रिप्ट कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडून राहते. पीजीलोडर या ओपन सोर्स टूलमध्ये शून्य तारखेचं नल करायचा नियम तयार आहे. तो कुणीही वाचू शकतो, नको असेल तर बदलू शकतो. एकाला नडलेली गोष्ट दुसऱ्याला पुन्हा नडू नये यासाठीच हे उघड्यावर लिहायचं असतं.

राहिली रेकॉर्डची संख्या. वर कापलं गेलेलं वाक्य आठवा. तिथेही संख्या जुळतेच. म्हणून आमचं टूल दोन्हीकडचा डेटा पुन्हा वाचून कॉलमनिहाय चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहतं. आणि शेवटी सीक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा काउंटर, पुढे सरकवतं. आयडी सकट रेकॉर्ड भरले, तरी पोस्टग्रेसचा सीक्वेन्स एकावरच थांबलेला असतो. मोजणी, चेकसम सगळं जुळतं, आणि सकाळी पहिल्या ग्राहकाची नवी नोंद 'ड्युप्लिकेट की' म्हणून परत येते.