नोत्र दाममध्ये जायला तिकीट लागत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

काल रात्री मावशीचा फोन आला, एकदम खुशीत. "अगं पॅरिसच्या चर्चचं तिकीट काढलं बघ, दोघांचे मिळून सात हजार चारशे, नंतर मिळत नाही म्हणे." कुठून काढलंस विचारलं तर ग्रुपवर आलेल्या मेसेजमध्येच लिंक होती. 'युरोप टूरला जाणाऱ्यांनी अवश्य वाचा' हा तो मेसेज. मलाही तिघांकडून आला होता आणि मी न वाचता सोडून दिला, तेव्हाच वाचून बोलले असते तर तिचे पैसे वाचले असते.

मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत. २०१९ च्या आगीनंतर पॅरिसच्या या नोत्र दाम चर्चमध्ये तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. जुनं सगळं जळालं, आता आहे ते काँक्रीटचं नवं बांधकाम. येशूचा काटेरी मुकुट जळाला, ठेवलाय तो डुप्लिकेट. आणि नोत्र दाम म्हणजे मूळचं 'नेत्रधाम', खाली देवीचं मंदिर आहे.

तिकिटाचं आधी, कारण पैसे तिथे गेलेत. फ्रान्समध्ये १९०५ साली चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा झाला. त्याच्या १७व्या कलमात स्पष्ट आहे की संरक्षित धार्मिक इमारती लोकांना बघायला खुल्या राहतील आणि त्यासाठी कुठलाही कर किंवा शुल्क घेता येणार नाही. नोत्र दाम सरकारच्या मालकीचं आहे, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्री रशिदा दाती यांनी पर्यटकांकडून पाच युरो घ्यावेत असं सुचवलं तेव्हा पॅरिसच्या धर्मप्रांताने, म्हणजे तिथल्या चर्चच्या कारभाऱ्यांनी, नकार दिला, प्रवेश फुकटच राहील म्हणाले. खुद्द मंत्र्यांना जे करता आलं नाही ते कुठली तरी वेबसाइट आपल्या लोकांकडून सात-सात हजार घेऊन करतेय, आणि आपण ती लिंक नातेवाइकांना प्रेमाने पाठवतोय!

बुकिंग असतं, नाही असं नाही. पण ते फुकट असतं, चर्चच्या स्वतःच्या वेबसाइटवर असतं, त्या दिवसाचं आणि पुढच्या दोन दिवसांचंच मिळतं, आणि केलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मावशीच्या रिसीटवर तारीख आहे १४ सप्टेंबर, म्हणजे अजून दोन महिने आहेत. जे बुकिंग अजून उघडलंच नाही त्याचं 'कन्फर्म तिकीट' हिला कुणी दिलं? मी स्वतः गेल्या मार्चमध्ये बुकिंग न करता गेले होते, समोरच्या चौकात रांग होती, अर्ध्या तासात आत. दारातल्या माणसाने माझी सॅक उघडायला लावली, पाण्याची बाटली वर करून बघितली आणि हाताने पुढे जा म्हणून खूण केली. तिकीट त्याने विचारलं नाही, माझ्या पुढच्या-मागच्यांनाही नाही.

टॉवरवर चढायला आणि आतला खजिना बघायला मात्र पैसे लागतात, तेवढं मान्य. पण मावशीच्या रिसीटवर त्यातलं काहीच नाही, नुसतं 'कॅथेड्रल प्रवेश' लिहिलंय.

आता काँक्रीट. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत लाकडी छप्पर गेलं, एकोणिसाव्या शतकात बसवलेला मधला उंच मनोरा कोसळला आणि आतल्या दगडी कमानदार छताला काही ठिकाणी भगदाडं पडली. भिंती, समोरचे दोन्ही टॉवर, तिन्ही मोठ्या गोल रंगीत खिडक्या आणि आठेक हजार पाइपांचा ऑर्गन वाचला. जे गेलं ते होतं तसंच पुन्हा केलं, छपरासाठी आणि मनोऱ्यासाठी सुमारे दोन हजार ओक झाडं लागली आणि छपराच्या तुळया सुतारांनी कुऱ्हाडीने तासल्या, जशा तेराव्या शतकात तासायचे तशा. लोकांना नवं का वाटतं तेही सांगते. आत पाय टाकला की दगड इतका फिकट, जवळजवळ सायीच्या रंगाचा दिसतो की मलाही क्षणभर शंका आली. पण तो रंग जुन्या दगडाचाच आहे. दगडांवर लेटेक्सचा, म्हणजे पातळ रबराचा लेप फवारला, तो सुकल्यावर सालासारखा सोलून काढला, आणि आगीच्या काजळीबरोबर कित्येक वर्षांचा मळ निघून आला. खांबाजवळ उभं राहिलं की छिन्नीच्या खुणा दिसतात, काँक्रीटला त्या कुठून येणार?

मुकुट जळाला नाही. त्याच रात्री बाहेर काढला, डिसेंबर २०२४ मध्ये परत आणला. विषय संपला.

राहिलं नेत्रधाम. फ्रेंचमध्ये नोत्र म्हणजे आपली आणि दाम म्हणजे बाई, माउली. मेरीसाठीचं नाव आहे ते, आणि फ्रान्समध्ये या नावाची चर्च जागोजागी आहेत, शार्त्रचं आहे, अमियाँचं आहे, रांसचं आहे. सगळीकडे नेत्रधाम होतं का? यात खरं एवढंच की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चच्या खाली खरोखरच जुन्या देवांचे कोरीव दगड सापडले. होडीवाल्यांनी ज्युपिटर या रोमन देवाला वाहिलेला खांब, रोमन सम्राट टायबेरियसच्या काळातला, त्यावर शिंगं असलेला केर्नुनोस नावाचा देवही आहे. हे दगड पॅरिसच्याच क्लुनी म्युझियममध्ये ठेवलेत. पण त्यावरचा लेख लॅटिनमध्ये आहे, देव रोमन आणि तिथे त्यांच्या आधीपासून राहणाऱ्या गॉल लोकांचे आहेत, आणि आजचं चर्च ११६३ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्यानंतर हजाराहून जास्त वर्षांनी. ज्यांचे देव होते त्यांचं नाव पुसून तिथे आपलं लिहायचं, हे मला पटत नाही.

मावशीला आज सकाळी बँकेत फोन करायला लावला, कार्डाच्या व्यवहाराची तक्रार नोंदवलीय. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज असेल तर निदान तिकिटाचं तरी खाली लिहा, कुणीतरी आजही त्या लिंकवर जाईल. आमचं फुकटचं बुकिंग आम्ही १२ सप्टेंबरला करणार आहोत.